डॉ. कमल रणदिवे: कॅन्सरच्या ‘ऑन’ स्विचचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञ

८ नोव्हेंबर २०२१ ला गूगल उघडलं असेल, तर मायक्रोस्कोपसोबतच्या एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचं डूडल तुम्ही पाहिलं असेल. त्या होत्या डॉ. कमल रणदिवे.

जन्म पुण्यातला, १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. लग्नानंतर कमलताई मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी झाल्या.

त्यांचा प्रश्न साधा होता. उंदरांच्या काही वाणांमध्ये स्तनांचा कॅन्सर खूप होतो, काहींत क्वचितच. असं का? त्यांनी चार वाणांच्या स्तनग्रंथींची तुलना केली. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे त्या टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकल्या. परत येऊन मुंबईत त्यांनी देशातली अशी पहिली लॅब उभारली.

पण विषाणू नेमकं करतो काय?

१९८२ मध्ये कमलताईंना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की उंदरातला हा विषाणू पेशीच्या डीएनएमध्ये एका जनुकाशेजारी घुसतो आणि त्याचा स्विच ‘ऑन’ करतो. मग पेशी वाढतच राहते.

माणसात हा विषाणू कारणीभूत असल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि स्तनांचा कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. पण स्विच अडकण्याचा प्रकार माणसातही होतो. ‘हर-टू’ जनुक पेशीला ‘वाढ’ हा निरोप पोचवतं. काही रुग्णांच्या गाठीत त्याच्या प्रती खूप वाढतात. फोनवर एकच नोटिफिकेशन शंभरदा यावं, तसं! पेशी भराभर विभागतात, शेजारणींना सोडून सुटतात आणि रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून दुसऱ्या अवयवांत जातात.

म्हणूनच आज गाठीची ‘हर-टू’ तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली, तर हा निरोप अडवणारं ट्रास्टुझुमॅबसारखं औषध देता येतं. त्यामुळे घरात कुणाला गाठ जाणवली, तर लाजून लपवू नका, लगेच दाखवा.

कमलताई २००१ मध्ये गेल्या. त्यांनी जिथे काम केलं, ती संशोधन संस्था आता टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’चा भाग आहे. ती आहे रायगड जिल्ह्यात, खाडीजवळच्या खारघरला. तिथे कॅन्सरवरचं संशोधन आजही चालू आहे.