इरावती कर्वे: मोजमापांचा प्रामाणिक हिशेब

वजनाचा तक्ता वाचताना तो कोणत्या लोकांच्या मोजमापांवरून बनला, हे पाहायला हवे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचे काम हेच शिकवते.

जन्म म्यानमारमधला, शिक्षण पुण्यात. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी मानवी कवट्या मोजून प्रबंध लिहिला. गोऱ्यांचे वेगळेपण आकड्यांत दिसेल, अशी मार्गदर्शक ओयगेन फिशर यांची अपेक्षा होती. आकडे तसे निघाले नाहीत. इरावतीबाईंनी ते जसेच्या तसे मांडले. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्रातील शरीरमापांवरचा त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये, तर पश्चिम खानदेशातील (आजचे धुळे-नंदुरबार) भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणी १९६१ मध्ये आली.

तेवढ्याच बीएमआयला युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांत चरबी जास्त आढळते. म्हणून आपल्याकडे २३ पासूनच वजन जादा धरतात. उंची १६० सेंमी असल्यास योग्य वजन साधारण ४७ ते ५९ किलो. कंबर पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंमीच्या आत असावी. वजन जास्त असेल, तर सहा महिन्यांत ५ ते १० टक्के घट हे पहिले उद्दिष्ट पुरेसे आहे. मधुमेहाची औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.