हृदयापर्यंत नळी नेणारे डॉक्टर

मी आज जर्मनीच्या डॉ. वर्नर फोर्समन यांच्याबद्दल लिहीत आहे. त्यांचा जन्म १९०४ मध्ये बर्लिनला झाला. वडील पहिल्या महायुद्धात गेले.

१९२९ मध्ये ते एबर्सवाल्डच्या दवाखान्यात होते. हाताच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात नेता येईल, असे त्यांना वाटे. मोठ्या डॉक्टरांनी सक्त मनाई केली. नर्सबाई गेर्डा डिट्झेन स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाल्या. फोर्समन यांनी त्यांना टेबलाला बांधले आणि नळी घातली आपल्याच डाव्या हातात! मग पायी तळघरात जाऊन एक्स-रेसमोर उभे राहिले. ६५ सेंटीमीटर नळी आत गेली, म्हणजे आपल्या दोन फूटपट्ट्यांहून जास्त. टोक हृदयात दिसले.

कौतुक सोडाच, पुढच्या दवाखान्यातून त्यांना काढून टाकले. १९३२ मध्ये ते हिटलरच्या पक्षात गेले, हे मला आवडले नाही. १९५६ मध्ये त्यांना दोन अमेरिकन डॉक्टरांबरोबर नोबेल मिळाले. १९७९ मध्ये ते वारले.

आपल्या धामणगावात मोटार पाणी कमी ओढू लागली की टाक्यात पाणी तुंबते ना? तसेच हृदय थकले की शिरांत रक्त तुंबते, दाब वाढतो. मोठ्या माणसाची मानेची शीर फुगलेली दिसते. तान्ह्या बाळाची मान आखूड अन् गुबगुबीत, तिथे ती सहसा दिसत नाही. दूध ओढताना बाळाला धाप लागते, कपाळाला घाम येतो, आणि डॉक्टर पोट चाचपून यकृत वाढले का ते बघतात. बाळ फारच आजारी असले, तर शिरेतून हृदयाजवळ नळी नेऊन दाब मोजतात.