रॉबर्ट हुक : पिसवेचं चित्र दोन वीत मोठं करणारा शास्त्रज्ञ



रॉबर्ट हुक कोण, असं सातवी-आठवीच्या मुलाला विचारून बघा. पेशीचा शोध लावणारा शास्त्रज्ञ, बुचाचा काप, सन १६६५, असं उत्तर लगेच मिळेल. परीक्षेत एक गुण मिळवायला एवढं पुरतं. पण हा माणूस त्या एका गुणापेक्षा खूप मोठा आहे. आज मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून मुंगीचा, माशीचा अगदी जवळून फोटो काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. ती मुलं जे करतात त्यातलं बरंचसं हुक यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी, कॅमेरा नसताना करून ठेवलं आहे. म्हणून आज त्यांचं चरित्र जरा सविस्तर पाहूया.

बालपण व शिक्षण

रॉबर्ट हुक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आईल ऑफ वाईट या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. रॉबर्ट लहानपणी सारखा आजारी असायचा. डोकं दुखायचं, त्यामुळे नियमित अभ्यास जमायचा नाही. मग हा मुलगा काय करायचा? एक जुनं पितळी घड्याळ उघडलेलं त्याने पाहिलं आणि तसंच लाकडाचं बनवलं. ते चाललंसुद्धा! वारभर लांबीचं जहाज बनवून त्यावर छोट्या तोफा उडतील अशी व्यवस्थाही केली. आपल्या वर्गात असा एखादा असतोच. वहीत लक्ष नसतं, पण पेनाची स्प्रिंग काढून त्याचं काहीतरी बनवत बसतो.

रॉबर्ट तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोडेसे पैसे घेऊन तो लंडनला आला. आधी पीटर लेली या प्रसिद्ध चित्रकाराकडे शिकायला गेला, पण रंगांच्या वासाने डोकं दुखू लागलं म्हणून ते सोडावं लागलं. चित्रकला मात्र हातात राहिली आणि पुढे तीच कामी आली. नंतर वेस्टमिन्स्टर शाळेत डॉ. रिचर्ड बस्बी या शिक्षकांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. शिस्तीला फार कडक म्हणून बस्बी प्रसिद्ध होते, पण या मुलाचा वेगळेपणा त्यांनी ओळखला. पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉईल यांचे साहाय्यक म्हणून हुक यांनी हवेचा पंप तयार केला. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

भिंगांची जुळवाजुळव

राजासाठी सूक्ष्मदर्शकातून पाहून कीटकांची चित्रं काढण्याचं काम आधी ख्रिस्तोफर रेन यांनी सुरू केलं होतं. ते पुढे हुक यांच्याकडे आलं. आता अडचणी बघा. त्या काळची भिंगं धुरकट आणि दोष असलेली. जास्त भिंगं लावली तर प्रकाश कमी होतो, कमी लावली तर थोडाच भाग दिसतो. हुक यांच्या नळीत वस्तूजवळ एक छोटं भिंग आणि डोळ्याजवळ एक मोठं भिंग असे. एकाच वेळी जास्त भाग बघायचा असेल तेव्हा ते मध्ये तिसरं भिंग घालत. बारीक भाग स्पष्ट बघायचा असेल की मधलं काढून टाकत. काचेची तार तापवून तिच्या टोकाला बारीक मणी बनवायचा, तो घासून पातळ पत्र्याच्या भोकात बसवायचा आणि त्यातून बघायचं, ही युक्तीही त्यांनी लिहून ठेवली आहे. मात्र असं इवलंसं भिंग वापरायला त्रासाचं, म्हणून ते स्वतः जास्त करून नळीचंच यंत्र वापरत.

दुसरी अडचण उजेडाची. लंडनचं आभाळ ढगाळ, संध्याकाळ लवकर होते. मग त्यांनी तेलाचा दिवा घेतला, त्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवला आणि आणखी एक भिंग लावून उजेड नेमका किड्यावर पाडला. ऊन असेल तेव्हा ते जास्त प्रखर पडू नये म्हणून किड्याजवळ तेल लावलेला कागद धरला. आज कीटकांचे फोटो काढणारे लोक फ्लॅशपुढे पांढरा कागद लावतात तो याच कारणासाठी.

तिसरी अडचण खुद्द किड्याची! मुंगी काही केल्या स्थिर राहीना. पाय चिकटवले तर अंग पिळवटायची आणि मारली तर आकार बिघडायचा. शेवटी हुक यांनी तिला दारूच्या अर्कात बुडवून बाहेर काढलं. मुंगी तासभर निपचित पडली, तेवढ्यात त्यांनी निरीक्षण करून घेतलं. मग ती अचानक उठली आणि चालू लागली. उवेचं तोंड आणि पोट कसं काम करतं हे बघण्यासाठी तर त्यांनी तिला स्वतःच्या हाताचं रक्त पिऊ दिलं.

माशीचा डोळा

हा भाग वर्गात आवर्जून सांगा. हुक यांनी माशीचा डोळा पाहिला. एका उजेडात तो बारीक भोकं पाडलेल्या जाळीसारखा दिसला. उजेडाची दिशा बदलली, तर सोनेरी खिळे ठोकल्यासारखा दिसला. आणखी बदलली, तर टोकदार मनोऱ्यांसारखा. डोळा तोच, माशी तीच! मग खरं कोणतं? हुक यांनी ठरवलं, की निरनिराळ्या उजेडात, निरनिराळ्या बाजूंनी पाहून खरा आकार नक्की होत नाही तोवर चित्र काढायचं नाही. दोन्ही डोळ्यांत मिळून असे सुमारे १४,००० गोल उंचवटे असावेत असा हिशोबही त्यांनी केला. त्या प्रत्येक उंचवट्यात खिडकीबाहेरचं दृश्य इवलंसं होऊन उमटलेलं त्यांना दिसलं.

आजचा फोटोग्राफर एकाच किड्याचे थोडं पुढे, थोडं मागे असे अनेक फोटो काढतो आणि संगणकावर जोडतो, कारण इतक्या जवळून एका फोटोत सगळं स्पष्ट येत नाही. हुक यांनी ही जोडणी स्वतःच्या डोक्यात आणि हाताने केली.

मायक्रोग्राफिया आणि प्लेग

१६६५ च्या सुरुवातीला त्यांचा मायक्रोग्राफिया हा ग्रंथ आला. त्यात ६० निरीक्षणं आणि ३८ चित्रपट्टं होते. बुचाच्या कापातल्या कप्प्यांना त्यांनी सेल हे नाव दिलं ते यातच. सॅम्युअल पेप्स या अधिकाऱ्याने तर हा ग्रंथ रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचला. सगळ्यात गाजलं ते पिसवेचं चित्र. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पिसू घडी घातलेल्या कागदावर साधारण ४५ सेंटिमीटरची, म्हणजे दोन वीत लांब झाली होती. चिलखतासारखे एकावर एक बसलेले पत्रे, सुईसारखे केस, उडी मारायला दुमडलेले पाय, सगळं स्पष्ट.

त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं. रॉयल सोसायटीच्या सभा बंद पडल्या, हुक यांनाही शहर सोडावं लागलं. प्लेग कशाने पसरतो हे कोणालाच माहीत नव्हतं. पिसवेचं एवढं मोठं चित्र लोकांच्या घरात उघडं होतं, पण तिच्याकडे बोट दाखवणारं कोणी नव्हतं. ते कळायला १८९८ उजाडलं. पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरांनी, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आपल्या सावित्रीबाई गेल्या होत्या. हा धागा मुलांना जरूर जोडून दाखवा. किडा बघण्यात काय ठेवलंय, असं म्हणायची मग आपलीच हिंमत होणार नाही.

उत्तरायुष्य

१६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडन पुन्हा उभं करण्याच्या कामात हुक यांनी सर्वेक्षक म्हणून फार कष्ट घेतले. स्प्रिंगच्या ताणाचा नियमही त्यांचाच. पण न्यूटन यांच्याशी प्रकाशावरून आणि गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून त्यांचा वाद झाला. स्वभाव तिखट, पाठीला बाक, अंगात आजारपण. ३ मार्च १७०३ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. पुढे हुक यांचं नाव मागे पडत गेलं. पिसू, ऊ, मुंगी यांची चित्रं जगाला देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं खात्रीलायक असं एकही चित्र आज उरलेलं नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

• बंद पडलेल्या सीडी प्लेअरमधलं छोटं भिंग मोठ्यांनी काढून द्या. चिकटपट्टीने ते मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लावून मुंगी, फुलाचे पराग, मिठाचा खडा मुलांना बघू द्या.
• एकच वस्तू तीन दिशांच्या उजेडात बघायला सांगा. काय बदललं ते मुलांना लिहू द्या.
• फोटो काढून झाल्यावर चित्रही काढायला लावा. फोटो काढताना नजरेतून सुटलेले पाय चित्र काढताना मोजावेच लागतात.
• किड्याला इजा न करता बघून पुन्हा जागेवर सोडायची सवय लावा.

मधल्या सुट्टीत एखादं मूल उकिडवं बसून मुंग्यांच्या रांगेकडे बघत असेल, तर घंटा झाली म्हणून लगेच ओरडू नका. दोन मिनिटं थांबा आणि काय दिसलं ते त्याला विचारा.