जॉन वेस्ली हायट

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू अशा कितीतरी वस्तू हस्तिदंताच्या करीत. त्यासाठी असंख्य हत्तींचा वध होई व हस्तिदंत दिवसेंदिवस महाग होत असे. १८६३ च्या सुमारास बिलियर्डची टेबले करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका कंपनीने हस्तिदंतासारखा पदार्थ शोधून काढणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते मिळवण्याची उमेद जॉन हायट या तरुणाने धरली.

हायटचा जन्म १८३७ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका लोहाराच्या घरी झाला. सोळाव्या वर्षी तो छापखान्यात कामास लागला. रसायनशास्त्र तो कोणत्याही विद्यालयात शिकला नव्हता. दिवसा छापखान्यातील काम आणि रात्री प्रयोग, असा त्याचा क्रम ऑल्बनी शहरी चालला होता.

छापखान्यातील लोक बोटांना इजा होऊ नये म्हणून त्यांस कोलोडियन नावाचा द्रव लावीत. आम्लांत भिजवलेल्या कापसापासून तो करतात. एके दिवशी कपाटातील बाटली कलंडून हा द्रव सांडला, आणि तो वाळून नखासारखा टणक पापुद्रा झालेला हायटला दिसला. त्याने चेंडूंवर त्याचा लेप दिला. पण पेटती चिरूट लागताच ते चेंडू भडकत, आणि एकमेकांवर आदळले की कधीकधी फटाक्यासारखा बारही होई!

पुढे त्याने त्या कापसात कापूर मिसळला व ते मिश्रण साच्यात घालून उष्णता आणि दाब दिला. १८७० साली त्याने व त्याचा भाऊ आयझाया याने या कृतीचे पेटंट घेतले. या पदार्थाला सेल्युलॉइड हे नाव आयझायाने दिले.

एका प्राध्यापकाने हायटला बजावले, की उष्णता जास्त झाली तर सारी इमारत उडून जाईल. दुसऱ्याच दिवशी हायटने यंत्र व स्वतः यांच्यामध्ये चार इंच जाडीची फळी उभी केली आणि मुद्दाम उष्णता वाढवली. साच्याच्या फटींतून फुसफुसत वायू बाहेर पडला, खोली झोंबऱ्या धुराने भरली. परंतु यंत्र, इमारत आणि हायट तिन्ही सुखरूप राहिली.

लवकरच कारखाना नेवार्क शहरी हलवण्यात आला. कंगवे, कॉलर, दातांच्या कवळ्या तेथील सेल्युलॉइडपासून होऊ लागल्या. चित्रपटाची फीतही पुढे सेल्युलॉइडचीच झाली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर उतरला होता. पण तो दहनशील कापूस रोज हाताळणाऱ्या मजुरांची स्थिती कशी होती? आम्लांच्या वाफांनी डोळे चुरचुरत, घसा जळे, आणि एका ठिणगीने सारे पेट घेई. १८७५ साली आगीने कारखाना उद्ध्वस्त केला. तो पुन्हा उभारला गेला, पण आगी लागतच राहिल्या. त्यांत कामगार भाजले, काही दगावले. हायटने प्रयोगाच्या वेळी आडोसा केला होता. या लोकांना तो नव्हता. जखमी कामगारास मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळावी, असा कायदा त्या राज्यात १९११ साली झाला.

१९१४ साली हायटला पर्किन पदक अर्पण करण्यात आले. त्या समारंभात फळीच्या आडून केलेल्या प्रयोगाची हकीकत त्या वृद्ध संशोधकाने स्वतःच सांगितली. १९२० साली त्याचे निधन झाले.