सूर्याच्या नादी लागलेला जॉर्ज

तुमच्या हातात उद्या नवीकोरी दुर्बीण आली, तर सगळ्यात आधी काय बघाल? चंद्र, हो ना? मग शनीची कडी, मग गुरूचे चंद्र. सूर्य कुणाच्या यादीतच नसतो. रोज तर दिसतो, त्यात काय बघायचं! वर डोळे जातील ही भीती. ती भीती शंभर टक्के खरी आहे, तिच्याबद्दल शेवटी बोलूच. पण आधी अशा एका माणसाला भेटा, ज्याने जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणी उभ्या केल्या आणि तरी ज्याचा जीव सूर्यातच अडकलेला होता. त्याचं नाव जॉर्ज एलरी हेल.

जन्म २९ जून १८६८, शिकागो. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, १८ ऑगस्टला, आपल्याकडे खग्रास सूर्यग्रहण झालं. आंध्रातल्या गुंटूरमध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहण नसतानाही या ज्वाळा पाहता येतील, हे त्यांच्या तिथेच लक्षात आलं. शिकागोतलं ते तान्हं बाळ पुढे नेमकी हीच वाट धरणार होतं.

जॉर्जचे वडील लिफ्टच्या धंद्यात होते. १८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागो नव्याने बांधलं जात होतं, इमारती उंच होत होत्या, धंदा जोरात होता. त्यांनी पोराला एक सेकंडहँड, चार इंची भिंगाची दुर्बीण घेऊन दिली. डिसेंबर १८८२ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकला, तो चौदा वर्षांच्या जॉर्जने याच दुर्बिणीतून पाहिला. झालं, पोरगं सूर्याच्या नादी लागलं.

आता पुढचं वाचताना तुमचं-माझं वय आठवा. एमआयटीत शिकत असताना, एकविसाव्या वर्षी, शिकागोत ट्रामने जाता जाता त्याला एक आयडिया सुचली. बंद दाराच्या फटीतून बाहेरून जाणारी मिरवणूक पाहिलीय कधी? एका वेळी एकच पट्टी दिसते, पण मिरवणूक पुढे सरकते तसं सगळं चित्र डोक्यात जुळतं. जॉर्जची युक्ती साधारण तशीच. सूर्याचा प्रकाश एका अरुंद फटीतून घ्यायचा, त्याचा वर्णपट पसरवायचा, दुसऱ्या फटीने त्यातला एकच रंग निवडायचा आणि दोन्हीकडे जुळवून हळूहळू सरकवत जायचं. झेरॉक्स मशीनमधला दिवा सरकतो ना, तसं. शेवटी फोटोच्या काचेवर फक्त त्या एका रंगातला पूर्ण सूर्य उमटतो.

एकाच रंगाचा एवढा हट्ट का? कारण सूर्याचा सगळा प्रकाश एकत्र आला की त्याचा झगमगाट बाकी सगळं गिळून टाकतो. कॅल्शियमचा किंवा हायड्रोजनचा तेवढाच रंग वेगळा काढला, की सूर्याच्या वरच्या थरातली सगळी उलथापालथ समोर येते. जून १८९० मध्ये पदवी, त्याच आठवड्यात लग्न, आणि वर्षभरात वडिलांच्या पैशातून घराशेजारी स्वतःची वेधशाळा! श्रीमंत बापाचा पोरगा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो नुसता बापाच्या पैशावर बसून राहिला नाही.

चोविसाव्या वर्षी त्याने शिकागोतले ट्रामसम्राट चार्ल्स यर्क्स यांना गळ घातली आणि चाळीस इंची भिंगाच्या दुर्बिणीसाठी पैसे उभे केले. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या दुर्बिणीएवढं भिंग वापरणारी मोठी वेधशाळा-दुर्बीण पुढे झालीच नाही. १९०४ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर गेला. दुर्बिणींचे भाग खेचरांच्या मदतीने डोंगरावर चढवले गेले. आणि इथे त्याला एक साधीच, पण डोकं खाणारी अडचण भेटली. सूर्याची दुर्बीण आडवी, जमिनीलगत ठेवलेली. दिवस वर आला की जमीन तापायची आणि गरम हवेने सूर्याचं चित्र थरथरायचं. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा लवलवताना दिसते ना, अगदी तसं. हेलने तोड काढली. दुर्बीण उभी करायची! साठ फुटी मनोऱ्यावर आरसे, वर्णपटाचं यंत्र खाली जमिनीत खणलेल्या गार खड्ड्यात. फक्त सूर्यासाठी बांधलेली दुर्बीण.

१९०८ मध्ये हायड्रोजनच्या लाल रंगातल्या फोटोंत सौरडागांभोवती भोवरे दिसले. हेलला शंका आली, इथे चुंबकत्व तर नसेल? चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाच्या रेषा दुभंगतात, हे झीमन यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं. मनोऱ्यावरून तपासलं, तर डागांमधल्या रेषा खरंच दुभंगलेल्या! पृथ्वीबाहेर कुठेतरी चुंबकीय क्षेत्र आहे, याचा माणसाला मिळालेला हा पहिला पुरावा होता. आणि तेही पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट तीव्र.

इथपर्यंत ही टिपिकल सक्सेस स्टोरी वाटेल. पण साधारण १९१० पासून हेलचं मन आणि शरीर थकत गेलं. डोकेदुखी, निद्रानाश, नैराश्य. काही काळ सॅनिटोरियममध्ये काढावा लागला. शंभर इंची दुर्बीण १९१७ मध्ये उभी राहिली, पण निधी, मीटिंगा, पत्रव्यवहार या सगळ्यात माणूस आतून पोखरला गेला होता. १९२३ मध्ये त्याने वेधशाळेचं संचालकपद सोडलं. आपल्यातले कितीजण सतत काहीतरी अचीव्ह करायच्या दडपणाखाली जगतात! म्हणून मला त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

तो सूर्याकडे परत गेला. पॅसाडेनात एक छोटी सौर प्रयोगशाळा बांधली आणि आपल्या जुन्याच यंत्राचं नवं रूप घडवलं. या वेळी फोटोची काच नाही, थेट डोळा. फटी इतक्या वेगाने हलायच्या, की डोळ्याला हायड्रोजनच्या रंगातला सूर्य सलग दिसायचा. ज्वाळा उसळताना, बदलताना जिवंत बघता यायच्या. एवढं करून त्याने ते स्वतःपुरतं ठेवलं नाही. हौशी लोकांनाही बनवता यावं म्हणून सविस्तर माहिती छापली. अशी यंत्रं जगभरच्या वेधशाळांत गेली. आपल्या कोडाईकनालमध्येही एक आलं.

हेल २१ फेब्रुवारी १९३८ रोजी गेला. ज्या दोनशे इंची दुर्बिणीसाठी त्याने पैसे उभे केले, ती दहा वर्षांनी पूर्ण झाली आणि तिला त्याचं नाव मिळालं. त्याने ती पाहिली नाही. पण कॅल्शियमच्या प्रकाशात सूर्य बघण्याची त्याची वाट बंद पडली नाही. २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ वर पुण्याच्या आयुकात तयार झालेली ‘सूट’ दुर्बीण आहे. तिच्या फिल्टरांपैकी एक कॅल्शियमचाच आहे.

आणि आता तुम्ही. आज हायड्रोजन-अल्फाची खास सौर दुर्बीण हातात मावेल एवढी मिळते. फटींचं काम तिच्यातला फिल्टर करतो. महाग असते, म्हणून विकत घ्यायची घाई नको. आधी एखाद्या खगोलप्रेमी ग्रुपच्या सूर्यदर्शनाला जा. सकाळची वेळ धरा आणि तापलेल्या गच्चीपेक्षा गवतावर उभे राहा. कारण तुम्हाला आता माहीत आहे! डोक्यावर काळं कापड घ्या, दोन मिनिटं डोळ्याला सवय होऊ द्या, मग कडेवरच्या ज्वाळा शोधा. साध्या दुर्बिणीतून, बायनॉक्युलरमधून किंवा दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघू नका. डोळा क्षणात जातो. आयपीसला लावायचे स्वस्त सौर फिल्टरही नकोत, ते उष्णतेने तडकतात.

घरी आल्यावर एक वही काढा. वर्तुळ, तारीख, वेळ आणि दिसलेले डाग. माउंट विल्सनच्या दीडशे फुटी मनोऱ्यावर १९१७ मध्ये सौरडागांची रोजची नोंद सुरू झाली, तीही अशीच, हाताने, पेन्सिलने काढून.