दुकानदाराचे बंड आणि त्याचे वारस

२ जानेवारी १९५६ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेसाठी मतदान झाले आणि पॅरिसमधील प्रस्थापित पक्षांना एका आडगावच्या दुकानदाराने जबर धक्का दिला. अडीच वर्षांपूर्वी ज्याचे नाव त्याच्या जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हते, त्या पिएर पुजाद यांच्या संघटनेला सुमारे २५ लाख, म्हणजे ११.६ टक्के मते आणि ५२ जागा मिळाल्या. स्वतः पुजाद यांनी ही निवडणूक लढविलीच नव्हती. त्यांच्या यादीवरून पॅरिसमधून निवडून आलेल्यांत २७ वर्षांचा एक तरुण होता, ज्याँ-मारी ल पेन. पुढे १९७२ मध्ये त्यानेच नॅशनल फ्रंटची धुरा हाती घेतली. युरोपातील मतदार अतिउजव्या पक्षांकडे का वळतात, या प्रश्नाचा शोध घेणाऱ्याला म्हणूनच पुजाद यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

पुजाद यांचा जन्म १ डिसेंबर १९२० रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लॉत जिल्ह्यात, सें-सेरे या लहानशा गावी झाला. वास्तुविशारद असलेले वडील राजेशाहीवादी विचारांचे होते. ते लवकर वारले आणि कुटुंबाची परिस्थिती खालावली. शालेय वयातच पिएर यांना झाक दोरिओ यांच्या फॅसिस्ट वळणाच्या पक्षाचे आकर्षण वाटले. फ्रान्सच्या पराभवानंतर मार्शल पेताँ यांच्या राजवटीने उभारलेल्या युवक चळवळीतही ते वावरले. मात्र नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये शिरल्या, तेव्हा त्यांनी पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन गाठला आणि तेथून उत्तर आफ्रिकेत जाऊन ते स्वतंत्र फ्रान्सच्या हवाई दलात दाखल झाले. अल्जीयर्समध्ये त्यांची भेट इव्हेत या परिचारिकेशी झाली आणि पुढे दोघांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर हे दांपत्य सें-सेरेला परतले. पुस्तके, वह्या आणि लेखनसाहित्याचे दुकान थाटून पुजाद यांनी संसार सुरू केला. या घडीपर्यंत त्यांच्या आयुष्यात लाखो फ्रेंच माणसांपेक्षा वेगळे असे फारसे काही नव्हते. त्यांच्या पुढील यशाचे एक कारण हेच होते.

युद्धोत्तर टंचाईचा काळ छोट्या दुकानदाराला मानवला होता. माल कमी आणि गिऱ्हाईक अधिक, अशा स्थितीत भाव रोज चढत आणि कालचा माल आज नफ्यात विकला जाई. १९५२ मध्ये आंत्वान पिने यांच्या सरकारने चलनवाढीला लगाम घातला. सामान्य ग्राहक सुखावला; पण दुकानदाराचा नफा आटला. त्याच सुमारास मोठ्या शहरांतील साखळी दुकाने स्वस्त दरात माल विकू लागली आणि लोआर नदीच्या दक्षिणेकडील खेड्यांतून तरुण माणसे कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली. गावच ओसरू लागल्यावर गावातील दुकान कशावर चालणार? त्यात सरकारने करचुकवेगिरीविरुद्ध मोहीम हाती घेतली. तोवर छोट्या व्यावसायिकावर ठोकताळ्याने कर आकारला जाई. आता मात्र सर्व करांची एकत्रित तपासणी करणारी पथके दप्तर मागत दारात उभी राहू लागली. भारतातील व्यापाऱ्यांना २००५ पासून परिचित झालेला मूल्यवर्धित कर १९५४ मध्ये प्रथम फ्रान्समध्येच अवतरला, ही बाबही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

जुलै १९५३ मध्ये असे एक पथक सें-सेरेला येणार असल्याची वार्ता आली. पुजाद नुकतेच नगरपालिकेचे सदस्य झाले होते. त्यांनी गावातील व्यापाऱ्यांना एकत्र आणले आणि तपासणी अधिकाऱ्यांना हात हलवीत परत जावे लागले. पुजाद यांच्या या कृतीला गावातील कम्युनिस्टांचीही साथ होती. ही वार्ता आसपासच्या जिल्ह्यांत पसरली. एकेकट्या दुकानदाराला जे अशक्य वाटत होते, ते शंभर जण एकत्र आले की साध्य होते, याचा तो पडताळा होता. नोव्हेंबर १९५३ मध्ये व्यापारी आणि कारागीर यांच्या संरक्षणार्थ त्यांनी संघटना स्थापन केली. पुजाद आपल्या मोटारीतून गावोगाव हिंडू लागले. बोलता बोलता अंगातील कोट काढायचा, बाह्या सरसावायच्या आणि बाजारात चालते तशा भाषेत मंत्र्यांची खिल्ली उडवायची, ही त्यांची शैली. कष्टाने झिजलेल्या माणसाला आपलाच कोणी आप्त व्यासपीठावर उभा राहिल्यासारखे वाटे. २४ जानेवारी १९५५ रोजी पॅरिसच्या पोर्त द व्हेर्साय येथील त्यांच्या सभेला लाखाच्या घरात माणसे लोटली. तपासणीला अडथळा आणणाऱ्यास तुरुंगवास ठोठावणारी तरतूद आदल्या वर्षी झाली होती. ती रद्द व्हावी म्हणून मार्च १९५५ मध्ये पुजाद थेट राष्ट्रीय सभेच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसले. खाली सभागृहात चर्चा चालली असताना अनेक सदस्यांचे लक्ष सज्जाकडेच होते. एदगार फोर यांच्या सरकारला काही सवलती देणे भाग पडले. संसदेबाहेरील जमाव संसदेला वाकवू शकतो, हे त्या दिवशी दिसून आले.

येथवरची कथा एका रास्त गाऱ्हाण्याची आहे. परंतु गाऱ्हाणे मोठे होत गेले, तसा त्याला शत्रूचा एक चेहरा हवासा वाटू लागला. तो पिएर मेंदेस फ्रान्स यांच्या रूपाने मिळाला. जून १९५४ ते फेब्रुवारी १९५५ या अल्प काळात पंतप्रधान राहिलेल्या या नेत्याने इंडोचायनातील युद्ध संपविले, पाँडिचेरी भारताच्या स्वाधीन करण्याचा करार केला आणि देशांतर्गत मद्यनिर्मितीच्या सवलतींवर बोट ठेवले. घरगुती दारू गाळणारा शेतकरी आणि गुत्तेदार दोघेही पुजाद यांचे पाठीराखे होते. ज्या १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला, त्याच दिवशी अल्जीरियात बंडाला तोंड फुटले. साम्राज्य हातचे निसटत असल्याची वेदना आणि दुकान बुडत असल्याची भीती एकमेकींत मिसळली. मेंदेस फ्रान्स ज्यू होते. मग कराची चर्चा मागे पडून पंतप्रधानांच्या धमन्यांत खरे फ्रेंच रक्त आहे काय, असा विखारी प्रश्न पुजाद यांच्या प्रचारात येऊ लागला. आरंभी साथ देणारे कम्युनिस्ट १९५५ मध्ये विरोधात गेले. विरोधकांनी पुजाद यांची तुलना हिटलरशी केली. या तुलनेने त्यांचे पाठीराखे तुटले नाहीत; उलट पॅरिसचे शहाणे आपल्याला तुच्छ लेखतात, ही त्यांची समजूत अधिकच दृढ झाली.

डिसेंबर १९५५ मध्ये फोर यांनी राष्ट्रीय सभा विसर्जित केली, तेव्हा पुजाद यांच्याकडे ना अर्थविषयक कार्यक्रम होता, ना परराष्ट्र धोरण. सर्व विद्यमान प्रतिनिधींना घरी बसवा आणि १७८९ प्रमाणे राष्ट्रातील सर्व स्तरांची महासभा बोलवा, एवढेच त्यांचे सांगणे होते. चौथ्या प्रजासत्ताकात सरकारे काही महिन्यांत कोसळत आणि तीच माणसे खाती बदलून पुन्हा सत्तेवर येत. कोणालाही मत दिले तरी काही बदलत नाही, अशी भावना झालेल्या मतदाराला नेमका हाच नकारात्मक कार्यक्रम पुरेसा वाटला. त्याला मते देणारे देशातील सर्वांत गरीब नव्हते. गरीब कामगार कम्युनिस्ट पक्षापाठीशी उभा होता. पुजाद यांच्याकडे वळला तो थोडेफार मिळविलेला आणि ते गमावण्याच्या भीतीने ग्रासलेला माणूस.

विजय मात्र पचला नाही. युती करून जागा वाढविण्यासाठी व्यापारी, शेतकरी आणि ग्राहक अशा वेगवेगळ्या नावांनी याद्या उभ्या केल्याचा ठपका ठेवून राष्ट्रीय सभेने ११ जणांची निवड रद्द केली. उरलेल्यांना संसदीय कामकाजाचा अनुभव नव्हता. १९५६ च्या शरद ऋतूत सुएझच्या प्रश्नावरून फूट पडली. पुजाद यांचा त्या मोहिमेला विरोध होता, तर ल पेन सैनिकी गणवेश चढवून मोहिमेवर निघून गेले. जानेवारी १९५७ मध्ये पुजाद पॅरिसमधील पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि सपशेल पडले. १९५८ मध्ये जनरल द गॉल सत्तेवर आले. खंबीर नेतृत्वाची आस असलेल्या मतदाराला आता दुकानदाराची गरज उरली नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पुजादवाद जवळपास नामशेष झाला.

त्यानंतरचे पुजाद यांचे आयुष्य त्यांच्या टीकाकारांना आणि चाहत्यांनाही कोड्यात टाकणारे आहे. वनस्पतीपासून इंधन बनविण्याच्या योजनांचा त्यांनी पाठपुरावा केला. १९८१ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी समाजवादी फ्रान्स्वा मित्तराँ यांना पाठिंबा दिला आणि पुढे आर्थिक व सामाजिक परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. ल पेन यांच्यापासून ते कटाक्षाने दूर राहिले. त्यांना संसदेत धाडल्याची खंत त्यांनी उघडपणे व्यक्त केली. २००२ मध्ये ल पेन १६.८६ टक्के मते मिळवून अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत पोहोचले, हे त्यांना पाहावे लागले. २७ ऑगस्ट २००३ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुजाद यांनी जे पेरले, त्याचे पीक दुसऱ्यांनी घेतले. करविरोधाला जन्मभराचे राजकारण पुरत नाही, हे ल पेन यांनी ओळखले आणि स्थलांतरितांचा प्रश्न त्याच्या जागी आणला. ज्यू पंतप्रधानाची जागा अरब शेजाऱ्याने घेतली. सावकाश मरणारे गाव आणि दूरचे पॅरिस ही पार्श्वभूमी तीच राहिली. २०२२ च्या अंतिम फेरीत ल पेन यांची कन्या मरीन यांना ४१ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. त्याआधी २०१८ च्या अखेरीस इंधनावरील कराविरुद्ध पिवळी जाकिटे घालून लोक चौकाचौकांत उतरले, तेव्हा अनेकांना सें-सेरेची आठवण झाली होती.

अतिउजव्या पक्षाला मत देणारा प्रत्येक जण द्वेषाने भारलेला असतो, असे मानणे सोपे आहे. पण पुजाद यांचे चरित्र त्याला दुजोरा देत नाही. त्यांच्या मतदाराचे गाऱ्हाणे खरे होते, त्याला दाखविण्यात आलेला गुन्हेगार खोटा होता. हे दोन धागे वेगळे करण्याचे काम संसदेचे होते. तिने आधी दुर्लक्ष केले, मग घाबरून सवलती दिल्या आणि अखेरीस तांत्रिक मुद्द्यावर जागा काढून घेतल्या. मूळ दुखण्यावर तिच्यात चर्चा झाली नाही. मोठ्या दुकानांना परवाना सक्तीचा करणारा कायदा १९७३ मध्ये झाला, तोही छोट्या व्यापाऱ्यांच्या नव्या आंदोलनानंतरच. दरम्यान वीस वर्षे लोटली होती आणि नॅशनल फ्रंट स्थापन होऊन वर्ष उलटले होते.