विजय मर्चंट आणि जायबंदी गोलंदाजाचा जुगार

१९७१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला जाणारा भारतीय संघ निवडताना निवड समितीपुढे एक अवघड प्रश्न होता. साडेतीन वर्षे एकही कसोटी न खेळलेला, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून दुखापतीमुळे अर्ध्यावर परतलेला आणि त्यानंतर स्कूटरच्या अपघातात सापडलेला गोलंदाज संघात घ्यावा काय? भागवत चंद्रशेखर हे त्याचे नाव. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा हात बारीक झाला होता. चेंडू तो त्याच हाताने टाकी. क्षेत्ररक्षण करताना फेक मात्र डाव्या हाताची.

या समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. फलंदाज म्हणून ज्यांनी आयुष्यभर धोका टाळला, चेंडू नीट पारखल्याशिवाय बॅट उचलली नाही, त्यांच्याच अध्यक्षतेखाली भारतीय क्रिकेटमधील सर्वांत गाजलेला जुगार खेळला गेला.

मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ चा, मुंबईतील गिरणीमालक ठाकरसी घराण्यातला. मूळ नाव विजय माधवजी ठाकरसी. शाळेत नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असता इंग्रज मुख्याध्यापकांच्या ऐकण्यात घोटाळा झाला आणि व्यवसायच आडनाव होऊन बसला, अशी हकीकत सांगितली जाते. घरची श्रीमंती असूनही हा खेळाडू हौशी राहिला नाही. सराव, आहार, झोप या सर्वच बाबतींत त्यांची शिस्त कडक होती. १९३२ मध्ये भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला तेव्हा गांधीजींसह राष्ट्रीय नेते तुरुंगात होते. त्या परिस्थितीत हिंदू जिमखान्याच्या ज्या खेळाडूंनी दौऱ्यावर जाण्याचे नाकारले, त्यांत विशीतले मर्चंट होते. पुढच्याच वर्षी मुंबईत त्यांनी कसोटी पदार्पण केले.

त्यांची आकडेवारी आजही थक्क करते. प्रथम श्रेणीच्या १५० सामन्यांत १३,४७० धावा, ४५ शतके आणि ७१.६४ ची सरासरी. दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत त्यांच्यापुढे फक्त ब्रॅडमन. १९३६ मध्ये मँचेस्टरला मुश्ताक अली यांच्यासोबत २०३ धावांची सलामी, १९४३-४४ च्या हंगामात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९, १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात २,३८५ धावा. त्या दौऱ्यातील ओव्हल कसोटीत १२८ धावांवर असताना डेनिस कॉम्प्टन यांनी चेंडूला फुटबॉलसारखी लाथ मारून त्यांना धावचीत केले. कॉम्प्टन व्यावसायिक फुटबॉलपटूही होते, हे मर्चंट यांचे दुर्दैव.

एवढ्या मोठ्या फलंदाजाच्या नावावर कसोटी मात्र अवघ्या दहा. महायुद्धाने काही वर्षे खाल्ली, उरलेली शरीराने. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची कर्णधार म्हणून निवड झाली होती. परंतु जांघेच्या दुखण्यामुळे त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. पुढच्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हाही प्रकृतीने साथ दिली नाही. १९४६ च्या ओव्हलनंतर पाच वर्षे त्यांनी कसोटी खेळली नाही.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांना पुन्हा संधी मिळाली. वय ४० पूर्ण. इतक्या खंडानंतर, दुखण्यातून उठलेल्या चाळिशीतल्या माणसाला घेणे हाही जुगारच होता. मर्चंट यांनी १५४ धावा केल्या आणि विजय हजारे यांच्यासोबत द्विशतकी भागीदारी रचली. कसोटी शतक करणारा सर्वांत वयस्क भारतीय हा त्यांचा विक्रम अद्याप अबाधित आहे. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. एकाच सामन्यात डाव फळलाही आणि उलटलाही. जायबंदी खेळाडूवर विश्वास टाकणे म्हणजे काय, हे निवड समितीच्या खुर्चीत बसलेल्या या माणसाने दुसऱ्या बाजूने अनुभवले होते.

साठच्या दशकाच्या अखेरीस ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. नव्या मुलांना संधी द्यायची, हे त्यांचे धोरण. १९६९ मध्ये गुंडप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर यांच्यासारखे तरुण कसोटीत आले. सोलकर तर हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा मुलगा. ज्या जिमखान्याकडून मर्चंट खेळले, त्याच्याच आवारात वाढलेला. जानेवारी १९७१ मध्ये मतांची बरोबरी झाली तेव्हा मर्चंट यांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांचे कर्णधारपद गेले आणि अजित वाडेकर कर्णधार झाले. १९४६ च्या दौऱ्यात थोरले पतौडी कर्णधार आणि मर्चंट उपकर्णधार होते. त्यामुळे या मतामागे जुना हिशेब असल्याची कुजबुज बरीच झाली. वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकून आला तेव्हा ती बरीचशी थांबली.

या विजयानेच इंग्लंडसाठीची निवड अधिक कठीण केली. बेदी, प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे तीन फिरकी गोलंदाज हाताशी होते. वेंकट उपकर्णधार, म्हणजे त्यांची जागा पक्की. पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड यांना बाद करून विजयाची वाट मोकळी करणारे सलीम दुराणी होते. जिंकलेला संघ मोडून, तीन वर्षांहून अधिक काळ मोठ्या क्रिकेटबाहेर असलेला लेगस्पिनर का घ्यायचा? चंद्रशेखर यांची लांबी बिघडली की धावांना बांध राहत नसे, क्षेत्ररक्षण बेताचे, फलंदाजी तर नावापुरतीच. लांबलचक दौऱ्यात तो खांदा, तो हात टिकला नाही तर एक जागा वाया जाणार होती.

दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती, पण ती वजनदार होती. चंद्रशेखर जवळपास मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने गुगली टाकीत. खेळपट्टीकडून मदत नसतानाही बळी मिळवणारा असा गोलंदाज भारतापाशी दुसरा नव्हता. १९६७ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताने तिन्ही कसोटी गमावल्या, तरी चंद्रशेखर यांनी १६ बळी घेतले होते. इंग्लंडच्या फलंदाजांना त्यांचा धाक होता. समितीने चंद्रशेखर यांना घेतले. दुराणी मागे राहिले. विचारपूर्वक खेळलेला जुगार, असेच त्या निवडीचे वर्णन झाले. दुराणींवर अन्याय झाला, असे मानणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही.

लॉर्ड्स आणि मँचेस्टरच्या कसोटी पावसामुळे अनिर्णित राहिल्या. ओव्हलला पहिल्या डावात इंग्लंड ३५५, भारत २८४. एकाहत्तर धावांची पिछाडी म्हणजे सामना हातचा जाण्याचीच चिन्हे. सोमवार, २३ ऑगस्ट रोजी इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झाला. लकहर्स्ट यांचा सरळ फटका चंद्रशेखर यांच्या हाताला लागून यष्टींवर गेला आणि क्रीझबाहेर असलेले जेमसन धावचीत झाले. मग एड्रिच यांचा त्रिफळा उडाला. त्या चेंडूआधी दिलीप सरदेसाई यांनी त्या वर्षीच्या डर्बी विजेत्या घोड्याचे नाव घेऊन चंद्रशेखर यांना वेगवान चेंडू टाकण्याची खूण केली होती, ही कथा पुढे मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षे सांगितली गेली. फ्लेचर सोलकरांच्या हाती झेल देऊन परतले. उपाहाराला ३ बाद २४. पुढे वेंकट यांच्या गोलंदाजीवर सोलकरांनी नॉटचा जो झेल जमिनीलगत झेपावून टिपला, त्याचे छायाचित्र आजही छापले जाते. इंग्लंड सर्वबाद १०१. चंद्रशेखर यांनी १८.१ षटकांत ३८ धावांत ६ बळी घेतले.

दुसऱ्या दिवशी, गणेश चतुर्थीला, भारताने चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील हा भारताचा पहिला कसोटी विजय, आणि पहिलाच मालिका विजयही. त्याआधी सलग २६ कसोटींत इंग्लंड अपराजित होते. महाराष्ट्रात तेव्हा दूरचित्रवाणी पोहोचली नव्हती. मुंबईचे केंद्रसुद्धा पुढच्या वर्षी सुरू झाले. त्या काळी परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीपासून थेट कोकणापर्यंत, गणपती बसवण्याच्या गडबडीत, क्रिकेटवेड्यांचा आधार होता तो रेडिओचा.

या विजयाची किंमतही कोणी तरी मोजली. एरापल्ली प्रसन्ना यांच्यासारखा ऑफस्पिनर तिन्ही कसोटींत बाहेर बसून राहिला. चंद्रशेखर मात्र थांबले नाहीत. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पाच कसोटींत त्यांनी ३५ बळी घेतले आणि कारकिर्दीअखेर त्यांच्या नावावर २४२ बळी होते.

मर्चंट यांचा आवाज त्यानंतर विविध भारतीवरील रविवारच्या क्रिकेटविषयक कार्यक्रमातून घरोघरी पोहोचला. मैदानाबाहेरच्या त्यांच्या कामाची चर्चा त्या मानाने कमी झाली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि अपंगांना नोकरी मिळावी यासाठी ते सतत झटत राहिले. दया म्हणून नव्हे, काम करू शकतात म्हणून त्यांना घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी अनेकांना स्वतःच्या गिरणीत कामाला लावले.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. भारतात तेव्हा विश्वचषक स्पर्धा सुरू होती. सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा विजय मर्चंट करंडक या नावाने खेळवली जाते.